सतरा नंबरचा डब्बा

बाई, परवा तुमच्या शोकसभेत मी लोकायले हसवून आलो.

तसं मनात नोतं. मोठे मोठे साहेब बोलले. कोनी म्हने, अन्नातले जंतू हुडकनारी अशी बाई या झाडीपट्टीत दुसरी झाली नाई. एक साहेब पूरे इंग्रजीत बोलले. मले काई समजलं नाई, पन ते रडून राह्यले होते म्हनून मी बी मान हालवली. मंग कोनी तरी म्हने, "झिबलभाऊ, तुमी बोला. तुमी बाईचे जुने मानूस." मी उभा झालो. बोलाचं होतं एक, अन् तोंडातून निंगाली मिठाची गोष्ट.

तेच, पहिल्या डब्ब्याची. तुमी मले शिकवलं होतं, चमचा दिव्यावर धराचा, लाल झाला का थंडा होऊ द्याचा, तपासाले लगनाचा भात घ्याचा, डब्बा बंद कराचा, बरफाच्या पेटीत ठेवाचा. सारं बराबर केलं. मूल गावच्या मासोळीवाल्याकडून बरफ घेतला, एष्टीत मांडीवर पेटी घेऊन चंद्रपूरले आलो. तुमी पुसलं, "काही गडबड नाही ना झाली?" मी म्हनलं, "नाई बाई. डब्बा बंद कराच्या आंधी त्याच चमच्यानं चाखून बी पाह्यलं. मीठ बराबर हाये." तुमी कपाळाले हात लावला. त्या डब्ब्यात मंग माह्याच तोंडातले जंतू निंगाले, अन् तुमी म्हनल्या, "झिबलभाऊ, तुमच्या तोंडात पूरा मार्कंड्याचा मेळा भरला हाये."

सभेत लय हसले लोक. मी खाली बसलो तं बाजूचा मानूस पाठीवर थाप मारून म्हने, बाई असती तं खुश झाली असती. तवा मले असं वाटलं, का जसं चोराचा सत्कार करून राह्यले अन् चोर हार घालून घेऊन राह्यला.

म्हनून हे सांगून राह्यलो. मले लिहिता येत नाई. तुमी आकडे शिकवले तेवढे येते, डब्ब्यावर टाकाले. हे पोस्टमास्तर लिहून राह्यले. सभेतले साहेब तुमच्या आठवनीचं पुस्तक काढनार हायेत, त्यात हे जसंच्या तसं छापा म्हनून मी त्यायले सांगून ठेवलं.

बाई, तुमी मले कामावर ठेवलं हीच तुमची पहिली गलती. तुमाले पाह्यजे होता गावोगावच्या लगनाचा भात. धानाच्या पट्ट्यात उन्हाळा आला का लगनात लोक जेवते अन् दोन घंट्यात ओकाऱ्या करते, ते काऊन, हे तुमाले हुडकाचं होतं. मी लगनाचा आचारी. कुठी कोनाचं लगन, हे भटाच्या आंधी मले मालूम. तुमी म्हनल्या, याच्याहून बेस मानूस कोन भेटनार. दुधाच्या राखनीले बोका बसवला तुमी.

पन शिकवलं मनापासून. एक डाव त्या जंतू पाहाच्या दुर्बिनीत पाहाले लावलं. मी म्हनलं, "अरे बापा, लय मोठे हायेत बाई. काळे, लांब, हालून राह्यले." तुमी आल्या, पाह्यलं, म्हनल्या, "डोळा थोडा मांगं घ्या. त्या तुमच्या पापण्या हायेत." मंग खरे जंतू दिसले. काड्या काड्या. तुमी म्हनल्या, "हे धानासंगच शेतातून येतात. बियासारखे झोपून राहतात. भात शिजवला तरी मरत नाही. भात ऊन ऊन ढिगात ठेवला का जागे होतात, अन् भातात जहर करून ठेवतात. मंग तुमी भात पुन्हा कितीही तपवा, जहर जात नाही."

मी म्हनलं, "बाई, मंग रासच घालाची नाई का?"

"नाही घालायची. सूपभर सूपभर पसरवून थंडा करा. नाही तर पंगत बसायच्या टाइमालेच शिजवा."

तिथून आपलं भांडन सुरू झालं, ते आखरीपावतर मिटलं नाई. आमच्या गावात लगनाचा भात शिजला का बांबूच्या चटईवर धोतर अंथरते अन् त्याच्यावर रास घालते. वरून दुसरं धोतर. नवरदेवाकडचे पाच जन येते, धोतर उचलून रास पाह्यते, मंगच रास मोडते. जेवढी उंच रास, तेवढी पोरीच्या बापाची इज्जत. मी म्हनो, "बाई, पसरवलेला भात पाव्हने पाह्यतीन तं म्हनतीन, याच्या घरी भात सांडला का." तुमी म्हना, "इज्जत मोठी का पोट?" मी म्हनो, "लगनाच्या दिवशी इज्जत. पोट दुसऱ्या दिवशी." तुमी हसा अन् वहीत काई तरी लिहा. मले वाटे, जिकलो.

तीन गावच्या राशी तुमच्या म्हनन्यापरमानं निंगाल्या. वैनगंगेच्या अलीकडची एक, गडचिरोलीकडच्या दोन. तिकडचा जिल्हा नवाच झाला होता तवा. तुमी म्हनल्या, आनखी एक पक्की भेटली का रिपोट पाठवतो. अन् चौथी रास भेटली ते माह्याच गावची, पाटलाच्या घरची. आचारी मीच.

आता आयका, बाई. हे तुमाले कधीच सांगतलं नाई.

मे महिना होता. गावची इहीर कोरडी पडलेली. बौद्ध मोहल्ल्याच्या इहिरीत तेवढं पानी होतं. एरवी तिकडचं पानी गावाले चालत नसे, पन तहान लागली का सारं चालते. तुळसाबाई अन् मोहल्ल्यातल्या बाया डोक्यावर पान्याचे पितळी गुंड घेऊन पाटलाच्या फाटकापावतर आल्या. फाटकाच्या आत येऊ दिलं नाई, तिथूनच आमी पानी वतून घेतलं. वरात आदल्या सांजेले येनार होती. मी चिन्नोर शिजवला, पाटलाचा बारीक दान्याचा, वासाचा चिन्नोर, अन् रास घातली, मानूस लपन एवढी. अन् वरातीची गाडी बिघडली. वरात आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

पाच जनाइनं धोतर उचललं, वा वा केलं. मी रास मोडली. हात आत घातला तं भट्टीवानी गरम. अन् चिकट. वास बी थोडा वायला. मी आचारी हाव, बाई. वीस वरसं भातात हात घातलेला मानूस. मले समजलं. तुमचं सारं बोलनं तवा आठवलं. पन पंगत बसली होती, पत्रावळी टाकल्या होत्या. मी काय केलं, कढत पानी शिपडलं, भात हालवला अन् वाढला. वाढता वाढता म्हनलं, "घ्या पाव्हने, रातभर तुमची वाट पाहून भात बी कंटाळला." हसले लोक.

हे लिहिता लिहिता मास्तरचा पेन थांबला.

"झिबल," मास्तर म्हने, "त्या पंगतीत मी होतो."

"मालूम हाये मास्तर."

"मी बाभळीखाली पडून होतो दोन घंटे."

"मीच तुमाले पानी पाजलं."

मास्तरनं चष्मा पुसला अन् म्हने, "सांग पुढं."

दोन घंट्यात अर्धा मांडव ओकून राह्यला. नवरदेव बी. कोनी मेलं नाई, एवढीच देवाची किरपा. तुमच्या नेमापरमानं मी राशीतून डब्बा भरून ठेवला होता, सतरा नंबरचा. तुमची जीप सांजेले येनार होती. पाटील माह्याकडं पाहून राह्यला. मले वाटलं, हा डब्बा बाई उघडनार, भातात जंतू निंगनार, अन् उद्यापासून झिबल्याले कोनी चूल बी पेटवू देनार नाई. मी पेटी घेऊन घरी गेलो. डब्ब्यातला भात उकिरड्यात टाकला, डब्बा धुतला. बायकोनं नुकताच भात उतरवला होता. चमचा दिव्यावर धरला, बराबर तुमी शिकवल्यासारखा, अन् घरचा भात भरला. चोरी बी पूरी सफाईनं केली.

बायको म्हने, "कोनाले डब्बा नेता?"

"सरकारले."

"मंग नुसता भात काऊन? वरन नोको का सरकारले?"

परत मांडवात आलो. पाटलानं सगळ्यासमोर पुसलं, "झिबल्या, काय खाऊ घातलं तुनं?"

अन् हे माहं तोंड. म्हनलं, "पाटील, भात तुमचा, हात माहे, दोन्ही जुने. पानी तेवढं पाव्हनं होतं. हे ओकारी इहीर कोनं दाखवली तुमाले?"

ओकता ओकता लोक हसले, बाई. पाटील बी हसला. पाटलाची इज्जत राह्यली, माही चूल राह्यली. अन् त्या इहिरीले नाव पडलं. ओकारी इहीर. आज बी पोट्टे तेच म्हनते. त्यानंतर मोहल्ल्यातल्या बायायले लगनाच्या पान्याले, धान कांडाले, कोनी बोलावलं नाई. गावात कोनाचं पोट दुखलं का म्हनत, ओकारी इहिरीचं वारं लागलं. त्या मोहल्ल्यातल्या पोरीले पाहाले पाव्हने आले तं चौकातले टवाळ विचारत, "पानी पेऊन आले का बिना पेताच?"

सांजेले तुमी आल्या. आंधी कोनाशी बोलल्या नाई, सिध्या इहिरीवर गेल्या. जीपीत बसून मी पाहून राह्यलो होतो. तुमी बाटलीत पानी भरलं, मंग तुळसाबाईच्या गुंडातून वंजळभर घेऊन सगळ्यासमोर पेल्या. तुमी बी बौद्धच, म्हनून पाटलाचा भाऊ मांगून बोलला, "त्याहीलेच गोड लागन ते पानी." तुमी आयकलं. मी बी आयकलं. मी पेटी मांडीवर धरून बसलो.

पंधरा दिवसानं तुमी मले बोलावलं. तुमचं तोंड उतरलं होतं.

"पाणी साफ निघालं," तुमी म्हनल्या. "अन् भातही साफ निघाला."

"बेस झालं ना बाई."

"असं कसं बेस? मंग लोक ओकले कशानं?" तुमी माह्याकडं पाह्यलं. "झिबलभाऊ, डबा पूरा टाइम तुमच्याच हातात होता ना?"

मी म्हनलं, "हातात होता म्हनून तं वाचला बाई. तोंडाजवळ असता तं मीठ नसतं चाखलं का?"

अन् तुमी हसल्या. थकल्या होत्या तरी हसल्या. मले वाटलं, सुटलो.

तुमचा रिपोट परत आला, हे मले मांगून समजलं. वरचे म्हने, तीन राशी एक सांगते अन् चौथी दुसरं, याले काई अर्थ नाई. कोनी तरी असं बी म्हनलं, का बाईले आपल्या लोकायची इहीर वाचवाची होती म्हनून भातावर ढकलून राह्यली. असं तुमाले म्हनलं. ज्या तुमी आपल्या सख्ख्या आईच्या घरची आंबील बी तपासाले आनली होती अन् खराब निंगाली तं तसंच लिहिलं होतं.

मंग दोन वरसं तुमी आपलेच हात तपासून राह्यल्या. डब्बे बदलले, बरफाची पेटी बदलली. मले वाटे, आता मले बदलतीन. मले नाई बदललं. कार्यालयाच्या मांगच्या आंगनात माह्याच हातानं भात शिजवून रास घालाले लावली, अन् त्यात काचेची तापमापी खुपसून बसल्या. वरून थंडा भात, आतून दुसऱ्या दिवशीपावतर गरम. दर घंट्याले चमचा चमचा भात काढला, सारा सोताच्या हातानं. मले नुसतं बाजूले बसवलं, अन् मी गोष्टी सांगून तुमाले हसवून राह्यलो. शेवटी तुमचंच सही निंगालं. छापून आलं, तुमी मले कागद दाखवला. मी आकडे वाचले, बाकी तुमी वाचून दाखवलं. त्यात माह्या गावचं नाव नोतं. मी पुसलं, "आमचं लगन काऊन नाई यात?" तुमी म्हनल्या, "तुमच्या गावचा भात साफ होता ना, झिबलभाऊ." एवढंच म्हनल्या, अन् कागद घडी करून ठेवला.

तवा सांगाचं होतं. राजुऱ्याच्या फाट्यावर जीप बंद पडली, आपन दोघं दोन घंटे पळसाखाली बसलो, तवा सांगाचं होतं. तुमी बिमार होत्या, दवाखान्यात दुपारी मी आलो, तवा तं सांगाचंच होतं. मी दवाखान्याच्या जेवनावर बोललो. म्हनलं, या भाजीत जंतू बी जगू शकत नाई. तुमी हसल्या, खोकला आला, मंग पानी पेऊन म्हनल्या, "झिबलभाऊ, एखादी गोष्ट बिना हसवता सांगा ना कधी."

मी स्टूल पुढं सरकवलं. खरं सांगतो, सरकवलं. तोंड उघडलं. अन् मी माह्या सासूची अन् कढीची गोष्ट सांगतली.

तुमी डोळे मिटून आयकली. मले वाटलं, झोप लागली असन. मी उठून आलो. ते आखरी भेट.

काल तुमचं कपाट खाली कराले मलेच बोलावलं. जुन्या वह्या निंगाल्या. मले आकडे येते, तं मी सतरा हुडकला. तुमच्या संगं काम करनारे ते साहेब बाजूले होते. त्यायले म्हनलं, "एवढं वाचून दाखवा." त्यायनं वाचलं. भात साफ, असं होतं. त्याच्याखाली तुमच्या हातानं, दुसऱ्या शाईत: "दाणा जाडा आहे. लग्नात चिन्नोर होता."

माह्या घरचा भात जाडा, मजुराचा. पाटलाचा चिन्नोर. वीस वरसाचा आचारी मी, अन् चोरी करताना दाना पाह्यला नाई. अन् तुमी धानाच्या गावची पोर. तुमाले डब्बा उघडताच दिसलं असन.

साहेबायनं पुढचं वाचलं. "झिबलभाऊंना विचारणे." त्याच्याखाली आनखी एक ओळ. "विचारलं. हसवलं."

बस. त्याच्यापुढं कोरं होतं.

बाई, तुमाले मालूम होतं. मंग तुमी काऊन नाई बोलल्या? मी रातभर अन् पूरा आजचा दिवस हेच इचार करून राह्यलो. तुमी बोलल्या असत्या तं मी आनलेला एकूनएक डब्बा खोटा ठरला असता, तीन वरसाची मेहनत पान्यात गेली असती, म्हनून का? का तुमी बोलल्या असत्या तं लोक म्हनले असते, इहीर वाचवाले गरीब आचाऱ्याले फसवलं? का मी सोताहून सांगीन म्हनून वाट पाहून राह्यल्या? हेच असन तं लय वाट पाह्यली तुमी. तुमी माह्यावर उपकार केला असं म्हनून मी मोकळा होत नाई. तुमी मले माफ केलं असं बी म्हनत नाई. तसं कुठी लिहिलेलं नाई.

त्या साहेबायले मी तिथंच सांगतलं. म्हनलं, "सतरा नंबर खोडा. तो भात माह्या घरचा होता." ते म्हने, वहीत खोडता येत नाई, पन बाजूले लिहिता येते. त्यायनं लिहिलं, मी आंगठा लावला. मंग आज सकाळी गावात आलो अन् मोहल्ल्यात गेलो.

तुळसाबाई इहिरीवर होती. आता कंबर वाकली तिची. आनखी चार-पाच बाया होत्या. मी सारं सांगतलं. रास, उकिरडा, घरचा भात, नाव. एकबी चुटकुला नाई टाकला, बाई. बिना हसवता पहिल्यांदाच बोललो, अन् समजलं का असं बोलनं किती लहान असते. दोन मिंटात झालं. त्याच्यासाठी सात वरसं लागले.

तुळसाबाई म्हने, "आमाले पान्याचं मालूमच होतं. आमी तेच पेतो."

तिनं गुंड काठावर ठेवला.

"बाईनं पेऊन दाखवलं तवा तुमी जीपीत होते."

"हो."

"आता इथी कोनाले सांगून राह्यले तुमी? आमाले? आमी कवा म्हनलं ओकारी इहीर?" तिनं दोर गुंडाळला. "नाव पंगतीत पाडलं ना? मंग पंगतीत जाऊन सांगा."

बाकीच्या बायाइनं माह्याकडं पाह्यलं नाई. गुंड उचलले अन् गेल्या. मी पानी मांगाचं म्हनून गेलतो. मांगतलं नाई.

सोमवारी पाटलाच्या लहान्या पोरीचं लगन हाये. आचारी मीच. भात पसरवून थंडा करीन, पाच जन आले तं सूपं दाखवीन, हसतीन तं हसू देईन. मास्तर म्हने, "झिबल, जेवन उरकल्यावर सांग. पंगत उठली का लोक ढेकर देते, सुपारी खाते, मन मोठं असते त्याइचं. हसून सोडून देतीन."

मास्तरचं खरं हाये, बाई. भरल्या पोटी लोक काय बी माफ करते. म्हनून मी पत्रावळी टाकल्यावर सांगीन, पहिला घास उचलाच्या आंधी.